शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या अनुताई वाघ

'अंगणवाडी' हा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी वापरतो. पहिलीचा प्रवेश अर्ज भरून घेताना आपला ठरलेला प्रश्न असतो, "अंगणवाडीत जात होता का?" पालकही मान हलवतात. पण या शब्दात 'अंगण' कुठून आलं, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लहान मुलांच्या शाळेला 'बालवाडी' हा चांगला शब्द होता की. मग अंगणाची गरज का पडली?

ते अंगण खरंखुरं होतं. शाळेच्या दारात न आलेल्या मुलांच्या घरांपुढचं. त्या अंगणात जाऊन बसणाऱ्या दोन बायका होत्या, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंबद्दल बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. अनुताईंचं नाव मात्र डी.एड.च्या नोट्समध्ये दोन ओळींत संपतं. अमुक साली जन्म, अमुक साली पद्मश्री, झालं. १७ मार्च ही त्यांची जयंती. त्या दिवशी परिपाठात सांगायला भाषण हवं म्हणून शोधाशोध केली, तर प्राथमिक शिक्षकाच्या रोजच्या कामाचं इतकं काही हाती लागलं की ते पाच मिनिटांच्या भाषणात मावणारं नव्हतं. म्हणून हा लेख.

तेराव्या वर्षी लग्न आणि नंतरची शाळा

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. मोरगाव म्हणजे अष्टविनायकातलं पहिलं गाव, बारामती तालुक्यातलं. आपल्या चऱ्होलीहून एका दिवसात जाऊन येता येईल इतकं जवळ. (सहलीच्या यादीत मोरगाव असेल, तर मयूरेश्वराच्या दर्शनाबरोबर मुलांना ही माहितीही सांगा.)

तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत पती वारले. १९२३-२४ च्या सुमाराची गोष्ट. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य घरच्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलेलं असायचं. स्वयंपाकघर, भावंडांची मुलं आणि समारंभाच्या वेळी मागच्या खोलीत बसणं. अनुताई पुन्हा शाळेत गेल्या. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची मराठी सातवीची परीक्षा, पास झाल्या. ही परीक्षा झाली की शिक्षक होता येत असे. त्यानंतर पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर आपलं डी.एड.

१९२९ साली त्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शिक्षिका झाल्या. वय अवघं एकोणीस. चार वर्षांनी पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि तिथे दहा-अकरा वर्षं त्यांनी शिकवलं. दिवसा शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचं, असं करत १९३७ साली त्या इंग्रजी मॅट्रिक झाल्या.

या भागावरून आपण भरकन पुढे जातो, पण इथे थोडं थांबायला हवं. शाळेबाहेर पडणं आणि पुन्हा आत येणं काय असतं, हे अनुताईंना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. वयाने मोठं असताना खालच्या वर्गात बसणं त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. दिवसभराच्या कामानंतर डोळ्यांवर झोप असताना अक्षरं वाचणंही. पुढे कोसबादच्या टेकडीवर गुरं राखून आलेलं पोर पाटीवर मान टाकून पेंगायचं, तेव्हा त्या पोराकडे बघणाऱ्या बाईंनाही अशा रात्री माहीत होत्या.

१९४४-४५ मध्ये त्यांची नोकरी पक्की होती, पुण्यातली नावाजलेली शाळा होती. आपल्यातल्या कितीजणांनी बदलीसाठी ऑनलाइन पोर्टलवर शहराजवळची शाळा मिळावी म्हणून देव पाण्यात ठेवलेत ते आठवा, म्हणजे पुढच्या निर्णयाचं वजन कळेल. कस्तुरबा गांधी १९४४ च्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या नावाने खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी निधी उभा राहिला आणि कार्यकर्त्या तयार करायला शिबिरं भरू लागली. अशाच एका शिबिरात अनुताईंची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंना खेड्यात काम करायला एक जोडीदार हवी होती. अनुताईंनी हो म्हटलं आणि पुणं सोडलं.

ताराबाईंना खेड्यात का जायचं होतं

हे समजायला थोडं मागे जाऊ. मारिया माँटेसरी हे नाव आता कुठल्याही गल्लीतल्या फलकावर दिसतं. रंगीत भिंती, फी भरपूर. पण माँटेसरीबाईंची पहिली शाळा कोणासाठी होती? १९०७ साली रोममध्ये सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ती सुरू झाली. आईबाप दिवसभर कामावर आणि मुलं इमारतीच्या जिन्यांत, भिंतींवर रेघोट्या ओढत, नासधूस करत हिंडायची. इमारतीच्या मालकांना आपल्या भिंतींची काळजी पडली, म्हणून त्यांनी एक खोली दिली आणि मुलांना सांभाळायला माणूस शोधला. म्हणजे जगातली पहिली माँटेसरी शाळा कामगारांच्या, आईबापांमागे मोकाट सुटलेल्या पोरांची होती.

भारतात ही पद्धत आली ती मात्र बहुतेक सुखवस्तू घरांत. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून ताराबाई त्यांच्याकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघू लागली. नंतर १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार उभं राहिलं. सगळं उत्तम चाललेलं. पण ताराबाईंना दिसत होतं की या शाळांत येणारी मुलं चांगल्या घरची आहेत. साधनं महागडी आहेत. खेड्यातल्या शेतमजुराच्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही.

म्हणून त्यांनी ठाणे जिल्ह्यातलं बोर्डी निवडलं. डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं गाव. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. २४ डिसेंबर १९४५ रोजी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या आणि अनुताई ३५ वर्षांच्या.

अंगण

बालवाडी उघडली. गावातली काही मुलं आली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती त्या वेळच्या भाषेत हरिजनवाड्यातली मुलं येईनात.

आता अशा वेळी आपण काय करतो ते प्रामाणिकपणे बघा. पटनोंदणी पंधरवडा साजरा होतो, फेरी निघते, घोषणा देतो. दोन-तीनदा घरी जातो. मग शेरा लिहितो, 'पालक उदासीन'. या एका शेऱ्याने फाइल बंद होते. मला स्वतःला हा शेरा अजिबात आवडत नाही. त्यात मुलाबद्दल काहीच कळत नाही. कळतो फक्त आपला कंटाळा.

ताराबाई-अनुताईंनी शेरा लिहिला नाही, जागा बदलली. मुलं इथे येत नाहीत ना, मग आपण तिथे जाऊ. खेळ, गाणी, साधनं घेऊन त्या वस्तीत गेल्या आणि घरांपुढच्या अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. एका ठिकाणी इमारतीत भरणारी ती केंद्रवर्ती बालवाडी आणि वस्तीत भरणारी ती अंगण बालवाडी. या दुसऱ्या प्रकारातूनच 'अंगणवाडी' शब्द रूढ झाला.

ऐकायला सोपं वाटतं. पण जागा बदलली की शाळेतलं जवळजवळ सगळंच बदलावं लागतं, आणि माझ्या मते अनुताईंचं खरं काम इथून पुढे आहे.

पहिली गोष्ट, आईबाप समोर असतात. शाळेच्या चार भिंतींत बाई काय शिकवतात ते पालकांना दिसत नाही. अंगणात सगळं उघड्यावर. आई दाण्याला बसलेली असते, आजी दारात असते. मुलाला बाईंनी कसं उचललं, शेंबूड पुसला की तोंड फिरवलं, हे ती माउली बघत असते. जातीपातीच्या त्या काळात एक पुण्याची शिक्षिका आपल्या पोराचं तोंड धुते, केस विंचरते, नखं कापते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. विश्वास बसायला भाषण करावं लागलं नाही. अनुताईंच्या बालवाडीत स्वच्छता हा पहिला 'पाठ' असायचा आणि तो बाईंच्या हातांनी शिकवला जायचा, फलक लावून नव्हे.

दुसरी गोष्ट साधनांची. घडीव लाकडी माँटेसरी साधनं वस्तीत कुठून आणणार? आणि आणली तरी ती मोडतील म्हणून बाई मुलांना हात लावू देणार नाही. (आपल्याकडे कपाटात कुलूपबंद असलेली गणित पेटी आठवली का?) मग मोजायला शिंपले, चिंचोके, बिया, खडे आले. लहान-मोठं लावायला काड्या आणि बांबूची कांडकी, रंग ओळखायला पानं-फुलं. बोर्डीला समुद्र आहे, शिंपल्यांना तोटा नाही. माँटेसरीचं तत्त्व तेच ठेवलं, की मुलाने हाताने करून शिकावं. वस्तू तेवढ्या गावच्या झाल्या. आज आपण 'कमी खर्चाचं शैक्षणिक साहित्य' म्हणून प्रदर्शनं भरवतो, त्याची एक मोठी प्रयोगशाळा तिथे होती.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. दोघी बायका किती अंगणांत पुरणार? म्हणून खेड्यातल्याच बायकांना बालसेविका म्हणून शिकवायला सुरुवात झाली. अनुताईंनी पुढे 'बालवाडी कशी चालवावी' हे पुस्तकही लिहिलं. नावावरूनच कळतं, ते विद्वानांसाठी नाही. उद्या सकाळी वीस पोरांसमोर उभं राहायचं आहे अशा बाईसाठी आहे.

कोसबादची टेकडी

१९५६-५७ च्या सुमाराला काम बोर्डीहून जवळच्या कोसबादला गेलं. कोसबाद म्हणजे टेकडीवरचं गाव आणि भोवती वारली आदिवासींचे पाडे. बोर्डीत निदान बाजार होता, हायस्कूल होतं. इथे शाळा ही गोष्टच परकी होती.

ही परकेपणाची भावना कुठून आली ते मुलांना सांगताना इतिहास टाळू नये. ज्या १९४५ सालाच्या डिसेंबरात बोर्डीची बालवाडी सुरू झाली, त्याच वर्षी या भागात वारल्यांचा उठाव झाला होता. जमीनदाराच्या शेतावर आणि ठेकेदाराच्या जंगलात फुकट राबायचं, याला वेठबिगार म्हणत. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवराबायको दोघांनी सावकाराकडे जन्मभर गुलामासारखं राबायचं, त्या माणसाला लग्नगडी म्हणत. याविरुद्ध गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने वारल्यांना उभं केलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे.

म्हणजे वारली माणसाच्या अनुभवात बाहेरून येणारा शिकलेला माणूस म्हणजे एकतर सावकार, नाहीतर जंगल खात्याचा शिपाई, नाहीतर पोलीस. कागद म्हणजे अंगठा घेऊन जमीन नेणारी वस्तू. त्याच्या पाड्यावर एक बाई येते आणि म्हणते, "तुमचं पोर शाळेत पाठवा." तो का पाठवील? 'आदिवासींना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. शिकलेल्यांनी त्यांच्याशी काय केलं, हे त्यांना चांगलंच कळत होतं.

त्यात पोटाचा प्रश्न. वारली घरातलं सात-आठ वर्षांचं मूल म्हणजे कामाचं माणूस. मुलगा गुरं राखतो. मुलगी धाकटं भावंड कडेवर घेऊन असते, पाणी भरते, सरपण आणते. ते शाळेत आलं तर घरातलं एक काम बंद पडतं. अनुताईंनी आणि ताराबाईंनी इथे जो विचार केला तो मला अंगणवाडीपेक्षाही मोठा वाटतो. त्यांनी मुलाला कामावरून ओढून आणलं नाही. कोणतं काम शाळेच्या आड येतंय ते पाहिलं आणि त्या कामासकट मुलाला शाळेत घेतलं.

गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच शाळा. शिक्षकच कुरणात जायचा. गुरांवर एक डोळा ठेवून मुलं शिकायची. मोजायला गुरं होती. ओळखायला झाडं होती आणि झाडांच्या बाबतीत पोरं शिक्षकाचीच परीक्षा घेतील अशी हुशार. चौथीच्या परिसर अभ्यासात आपण 'वनस्पतींचे उपयोग' तक्ता करून शिकवतो. ते त्या पोरांना तोंडपाठ होतं. त्यांना फक्त ते लिहायला शिकायचं होतं. ज्यांना दिवसा वेळच नव्हता त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

आणि भावंड कडेवर असलेल्या मुलीसाठी? तिच्यासाठी विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरलीने यायचं, कडेवरचं तान्हं पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः पहिली-दुसरीच्या वर्गात बसायचं. सुट्टीत जाऊन तान्ह्याला बघून यायचं. शाळा सुटली की तिघं मिळून घरी. आईला रानात जायला मोकळीक मिळाली आणि मुलीची शाळा बुडाली नाही.

या योजनेत किती गोष्टी एकदम जमून येतात बघा. थोरली आधी हजेरीपटावर कायम गैरहजर दिसायची, ती आता हजर. मधलं पोर पहिलीत येईल तेव्हा त्याला शाळेची भीती नसेल, कारण ते त्याच आवारात वाढलं. तान्हंही तसंच. शाळेच्या नजरेत त्या मुलीचं 'लहान भाऊ' ही अडचण होती. अनुताईंनी त्या लहान भावाचंही नाव पटावर घेतलं, एवढाच फरक.

भाषेचंही होतं. वारली घरात बोललं जातं ते आपलं पुस्तकातलं मराठी नव्हे. पुण्याहून आलेल्या बाईचे शब्द पोरांना कळत नाहीत आणि पोरांचे बाईला. अशा ठिकाणी पहिले काही महिने शिकायचं काम बाईचंच असतं. ज्यांनी मेळघाटात, नंदुरबारला किंवा डहाणू-तलासरीला नोकरीची सुरुवात केली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पन्नाशीनंतर

कोसबादचं काम चालू असतानाच अनुताईंनी पुन्हा स्वतःचं दप्तर काढलं. १९६१ मध्ये एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या, वयाच्या ५१ व्या वर्षी. कशासाठी? पगारवाढीसाठी नक्कीच नाही.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. कोसबादचा सगळा भार अनुताईंवर आला. 'शिक्षणपत्रिका'ही त्यांनी सांभाळली. आपले अनुभव त्यांनी 'कोसबादच्या टेकडीवरून' या आत्मचरित्रात लिहिले. शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर पुढच्या खरेदीत जरूर मागवा. १९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी 'ग्राममंगल' ही संस्था सुरू केली आणि डहाणू तालुक्यातल्याच दाभोणला आदिवासी मुलांसाठी नव्याने काम मांडलं. सेवानिवृत्तीनंतर शेती किंवा फार तर भजनी मंडळ, असा आपला बेत असतो. तोही वाईट नाही. पण या बाई बहात्तराव्या वर्षी पुन्हा शिंपले आणि चिंचोके गोळा करायला बसल्या. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

नाव राहिलं, बाकीचं?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरातल्या ३३ प्रकल्पांत. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला मराठी शब्द त्यानंतर काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. मराठीतून देशाला मिळालेल्या शब्दांची यादी केली तर हा फार वर येईल. आज पोषण आहार, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण असं सगळं या केंद्रांतून चालतं.

नाव घेतलं ते चांगलंच झालं. पण बालसेविकेच्या कामाला अनुताई जे वजन देत होत्या ते योजनेने दिलं का, हा प्रश्न विचारायला हवा. अंगणवाडी सेविकेला अजूनही पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. आपण तिने तयार करून दिलेली मुलं पहिलीत घेतो आणि निपुण भारतचं लक्ष्य गाठल्याचा आनंद साजरा करतो. तिचं नाव त्या कार्यक्रमपत्रिकेत शोधून बघा.

आणि अंगण? माझ्या रोजच्या वाटेवरचंच सांगते. चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. तोवर हे इंद्रायणीकाठचं शेतीचं गाव होतं. आता जिथे ज्वारी उभी असायची तिथे वीस-वीस मजली इमारती चालल्या आहेत. प्रत्येक साइटच्या मागे पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प. मराठवाड्यातली, विदर्भातली, कर्नाटकातली, बिहार-छत्तीसगडची कुटुंबं. स्लॅब पडतो, सेंट्रिंग निघतं, काम संपतं आणि मुकादम सांगेल तिकडे कुटुंब हलतं. मोशी, चाकण, हिंजवडी, कुठेही. आई विटा वाहते, तान्हं दोन खांबांना बांधलेल्या साडीच्या झोळीत आणि झोळीला दोरी लावून झोका देत बसलेली सात-आठ वर्षांची थोरली. रोममधल्या त्या इमारतीच्या मालकांना भिंतींची काळजी होती म्हणून पहिली माँटेसरी शाळा निघाली. इथे तर भिंती अजून बांधूनच व्हायच्या आहेत.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आहे. त्यात लिहिलं आहे की, जिथे पन्नासहून जास्त महिला कामगार कामाला असतात तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची सोय करायला हवी. म्हणजे विकासवाडीतल्या पाळणाघराचा भाग आता कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात, वर्षाच्या मध्येही, प्रवेश द्यावाच लागतो. कागदपत्रं नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही. दोन्ही कायदे आहेत, पण ते एका जागी भेटत नाहीत. झोळी साइटवर असते आणि वर्ग आपल्या शाळेत. थोरलीने दोन्हीकडे कसं असावं?

काही संस्थांनी हे ओळखलं. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या डोअर स्टेप स्कूलने मुंबई-पुण्यात नेमकं हेच धरलं. बांधकामाच्या साइटवर वर्ग, आणि बसमध्ये भरणारी चाकांवरची शाळाही. वाघोलीच्या दगडखाणींवर 'संतुलन' संस्थेच्या पाषाणशाळा निघाल्या. ऊसतोडीच्या तळांवर साखरशाळा चालल्या. कुरणाच्या जागी खाण आली, ऊस आला, साइट आली. पद्धत कोसबादचीच.

आपण नोकरीतले शिक्षक साइटवर जाऊन रोज वर्ग भरवू शकत नाही, हे खरं आहे. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, खिचडीचा हिशोब यातून वेळ काढून तर नाहीच. पण काही गोष्टी हातात आहेत. थोरली भावंडाला घेऊन वर्गाच्या दारात आली तर तिला परत न पाठवणं हातात आहे. तान्हं फार तर रडेल, एखाद्या दिवशी चटई ओली करेल. शेजारच्या अंगणवाडी ताईंशी बोलून मधल्याची सोय लावणंही हातात आहे. आणि कुटुंब हलणार असं कळलं की कुठे चाललात ते विचारून नव्या ठिकाणच्या शाळेचं नाव एका चिठ्ठीवर लिहून देता येतं. दाखल्यासाठी ते परत येणार नाहीत हे आपल्यालाही माहीत असतं.

हा पाठ चौथी-पाचवीला परिसर अभ्यासाच्या तासाला घेता येईल. अनुताईंची गोष्ट सांगून झाली की मुलांना त्यांच्या गल्लीतली, सोसायटीमागच्या कॅम्पमधली, नदीकडच्या वस्तीतली शाळेत न येणारी मुलं आठवायला सांगा. नावं फळ्यावर घेऊ नका, फक्त ती का येत नाहीत तेवढी कारणं घ्या. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त माहिती असते आणि ती लपवत नाहीत. मग त्या यादीत 'बाळ सांभाळते' हे किती वेळा आलं, ते त्यांनाच मोजायला सांगा.